एक्कावन्नावा इवान

प्रोग्रॅमला कसलीही भीती बसलेली नव्हती आणि तो सांभाळणाऱ्या रालित्साची नोकरी वाचली. बरं, हे तुम्ही वाचलंच नाही असं समजू. सात जानेवारीची सकाळ आहे, बल्गेरियातल्या शुमेन शहराच्या बस कंपनीतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नाही आणि लोकांना बसलेली भीती उतरवणारी पेनका मावशी सर्व्हरला लाल फडकं पांघरून शिसं वितळवते आहे.

तिकिटांचा प्रोग्रॅम पुन्हा मेला होता. सहा डिसेंबरला, निकोलाच्या नामदिनी, म्हणजे त्या संताचं नाव लावणाऱ्या साऱ्यांच्या सणाला मेला. सत्तावीसला, स्तेफानच्या नामदिनी मेला. आज इवानचा. दर वेळी मावशी शेगडीसकट दारात हजर, तीही कोणी बोलावण्याआधी.

“भेदरलंय गं लेकरू!” मावशीने शिसं पाण्यात ओतलं. चर्रर्र! ज्याने घाबरवलं त्याचा चेहरा गोठलेल्या शिशात उमटतो म्हणे. “हे बघा नाक... हे कुरळे केस! हिचीच नजर लागली!”

खोलीत कुरळे केस एकट्या रालित्साचे. स्तानिमिर साहेबांना तर केसच नव्हते.

“शिसं आतून थंड व्हायला एक रात्र लागते,” मावशी म्हणाली. “उद्या लेकरू खडखडीत बरं.”

“उद्या चाललं, की तू किल्ली ठेवून घरी जायचं,” साहेब रालित्साला म्हणाले.

“साहेब, आधी त्यालाच विचारू या ना, कसा मेलास?”

“मेलेलं बोलतं होय?” नामदिनाची मिठाई वाटणारा लेखनिक इवान हसला.

माणूस बोलत नाही, प्रोग्रॅम बोलतो. टाकलेलं प्रत्येक पाऊल तो एका फायलीत लिहून ठेवतो, तिला ट्रेस म्हणतात. डिस्क भरते म्हणून साहेबांनी ती बंद करवली होती. रालित्साने कालच गुपचूप चालू केली होती. तिने फाइल उघडली आणि शेवटच्या ओळी मोठ्याने वाचल्या.

“आज नामदिन असलेले प्रवासी, शुभेच्छांची यादी. एकोणपन्नासावा इवान, जागा दिली. पन्नासावा इवान, जागा दिली. एक्कावन्नावा इवान, जागा नाही. इथे पडलो.”

“यादीत पन्नासच जागा कोणी ठेवल्या?” इवानने विचारलं.

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. “चौदा वर्षांपूर्वी... शुमेनात इतके इवान एका दिवशी बसने जातील असं वाटलं नव्हतं.”

रालित्साने सर्व्हरची तारीख आठ जानेवारी केली. प्रोग्रॅम टुणकन उठला. पुन्हा सात केली. धाडकन पडला. पुन्हा आठ. उठला.

“मावशी, शिसं अजून गरम आहे हं.”

“मग भीती तारखेला बसली असेल!” मावशी शेगडी आवरत म्हणाली. तिच्या पिशवीतून नामदिनांचं कॅलेंडर खाली पडलं. निकोला, स्तेफान आणि इवान यांच्याभोवती लाल गोल होते.

“म्हणजे रात्रीत शिसं नाही, तारीख बदलायची!” इवान म्हणाला आणि मावशीपुढची मिठाई त्याने परत घेतली.

पन्नासाच्या जागी रालित्साने पाच हजार लिहिलं. बसेस सुटल्या. तिची किल्ली तिच्याच खिशात राहिली. तर मंडळी, काही कोसळलं की आधी त्याची शेवटची ओळ वाचा. कुरळे केस शोधायला नंतर वेळच वेळ आहे.

साहेबांना मात्र पाच हजारांचाही भरवसा वाटेना. त्यांनी नामदिन ठरवणाऱ्या चर्चच्या धर्मपीठाला अर्ज पाठवला: ‘विषय: इवानांचे समान वाटप. महोदय, एकाच दिवशी येणारे इवान तांत्रिक कारणास्तव वर्षभर सारखे विभागून द्यावेत, ही नम्र विनंती. फेब्रुवारीत आमच्याकडे भरपूर जागा आहे.’