उदयसिंहचा कौल

गल्लीत चप्पल काढायला जागा उरली नव्हती. शिरोलीच्या फाउंड्रीतून येताना अपघात झाला तेव्हापासून निपचित पडलेला उदयसिंह म्हणे आता कौल देत होता. चैतन्यबाबा त्याचा पंजा हातात घेऊन प्रश्न विचारायचे. मूठ मिटली की होकार.

"याचा आत्मा स्वप्नलोकात हाय. तिथनं समदं दिसतंय," बाबा सांगायचे. शेजारच्या पिराजीनं विचारलं, उसाला दर वाढून मिळंल का? मूठ मिटली आणि पिराजीनं लगेच पेढे वाटले. साखर कारखान्याला विचारायची गरजच उरली नाही.

उदयसिंहची बायको संयोगिता भिंतीला टेकून बघत होती. रोज नवऱ्याचं अंग पुसायचं, नाकातल्या नळीतून पेज सोडायची, कूस बदलायची. बाकी तिच्या आत सगळं बधिर. ओल्या फडक्यानं तळवा पुसला की मूठ मिटते, हे तिला ठाऊक होतं. डॉक्टर वर्षाराणींनी समजावलंही होतं, "मेंदूच्या खालच्या भागामुळं श्वास चालतो, डोळे उघडतात, मिटतात. पण जागेपणी जाणणारा, झोपेत स्वप्नं रचणारा वरचा भाग जबर दुखावलाय. तान्ह्या बाळाच्या तळव्याला बोट लावलं की ते धरतं ना, तशीच ही मूठ." तरी तिनं बाबांना अडवलं नव्हतं. आपलं माणूस बोलतंय, हे तिलाही हवं होतं.

बाबांनी पुढचा प्रश्न टाकला, "नळी काढून तोंडानं तीर्थ पाजू का?" मूठ मिटली. सासूनं, धोंडुबाईनं, हात जोडले.

"नळीला हात लावायचा न्हाय," संयोगिता पुढं आली. "तीर्थ छातीत जाईल आणि हे मरतील."

तिनं उदयसिंहच्या तळव्यावर बोट फिरवलं. "अहो, तुमचं नाव पिराजी हाय का?" मूठ मिटली. "हे बाबा लबाड हायत का?" मिटली.

"आत्मा चिडलाय," बाबा पुटपुटले.

मग तिनं हात सोडला. "मी कोण हाय, सांगा की." डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. तिनं पुन्हा विचारलं. बोटं हलली नाहीत.

बाबांनी झोळी उचलली. गर्दी खाली बघत चपला शोधू लागली. "पावणं," संयोगिता म्हणाली, "इथनं पुढं कुणीबी चमत्कार दावला, तर आधी असं तपासून बघा."

"म्हंजे त्याला काय कळत न्हाय व्हय गं?" धोंडुबाईनं विचारलं.

"डॉक्टरबी ठाम सांगत न्हाईत, आत्याबाई. म्हणून आपण रोज बोलायचं त्यांच्याशी. पण त्यांचं उत्तर आपण ठरवायचं न्हाय."