गाळलेल्या बातम्या

नाथाजी हवालदार फौजेतून रिटायर होऊन जमाना झाला, पण सकाळी पेपर वाचायला बसले की पाठ ताठ. पेपर म्हणजे कॉम्प्युटरवरचा. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर सुनेनं अक्षरं मोठी करून दिली, तेव्हापासून म्हातारा चहाचा कप घेऊन तिथंच ठाण मांडायचा.

सून संयोगिता सांगलीत कॉम्प्युटर शिकलेली, आता उंब्रजला क्लास घेणारी. नवरा शिवतेज फौजेत, सीमेवर. यंदा तिकडं गोळीबार सुरू झाला, त्याचा फोन लागेनासा झाला आणि त्याच सुमाराला मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, छातीत कळ आली. डॉक्टरांनी बजावलं, यांच्या जिवाला घोर लागेल असं काही कानावर घालू नका. टीव्ही बिघडला म्हणून सांगणं सोपं होतं. पेपर बंद केला असता तर म्हाताऱ्यानं घर डोक्यावर घेतलं असतं.

मग तिनं एक एक्स्टेन्शन लिहिलं. ब्राउझरला जोडायचा छोटासा प्रोग्राम. ज्या बातमीत जवान, सैनिक, गोळीबार असले शब्द येतील ती पानावरून गायब आणि खालची आपोआप वर. रोज पहाटे ती मोबाईलवर सगळ्या बातम्या चाळायची, नवा शब्द सापडला की यादीत घालायची आणि तोंडावर पाणी मारून चहा टाकायची. मामा उसाचा दर, पाऊसपाणी आणि कृष्णेतली मगर वाचून उठायचे. ‘शिवाचा फोन?’ विचारलं की ती सांगायची, आला होता, तुम्ही झोपला होता. भाबडी पोर. तिला वाटायचं, जमलं.

पण आपल्या भागात घरटी एक माणूस फौजेत. इथं ‘सैनिक’ गाळायचा म्हणजे निम्मा तालुका गाळण्यासारखं, हे एवढं शिकलेल्या बाईच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी उंब्रजला माजी सैनिकांचा मेळावा झाला. डॉक्टरांना विचारून मामा तासभर जाऊन आले, शाल-नारळ घेऊन परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा कोंडीबा दारातूनच बोलत आला.

“आवं नाथाजीराव, फोटू लय झ्याक आलाय की पेपरात. आगदी वरच हाय.”

मामांनी पान वर केलं, खाली केलं. फोटो कुठंच नव्हता.

“हितं न्हाई कसा?” कोंडीबानं आपला मोबाईल पुढं केला. “ह्यो बघा की. त्योच पेपर.”

मामांनी मोबाईल बघितला, मान हलवली, कोंडीबाला चहा पाजून वाटेला लावलं. संयोगिता कपबशा गोळा करायला लागली. आता ते विचारणार, आणखी काय झाकलंस? आणि खरं सांगितलं तर त्यांच्या छातीचं काय?

“पोरी, बस.”

“मामा, मी...”

“आमच्या वेळंला सीमेवरची पत्रं तपासून जायची. सायब काळ्या शाईनं वळी खोडायचा. तुझी सासू खोडलेलं बघूनच वळखायची, काय चाललंय ते.” मामा स्क्रीनकडं बघत म्हणाले. “मला पयल्याच आठवड्यात कळलं. आख्ख्या नोकरीत सीमेवर एवढी शांतता म्या बघितली न्हाई.”

“मग बोलला का न्हाई?”

“तुला बरं वाटत हुतं म्हनून. आज एक सांग. त्या खोडनाऱ्या सायबाला समदी पत्रं वाचाय लागायची. तू रोज समदं एकलीच वाचतीस व्हय?”

इतके दिवस तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता मात्र तिला आवरेना.

“ह्यांचा फोन न्हाई आला, मामा. मी खोटं सांगत हुते.”

“ते बी ठावं हाय. शिवाचा फोन आला की तुझं हसनं गोठ्यापतुर ऐकू येतं.”

तिला वाटत होतं, आपण त्यांना सांभाळतोय. आणि म्हातारा आपलं दुखणं छातीत ठेवून तिला सांभाळत बसला होता.

“काढ ते,” मामा म्हणाले.

तिनं एक्स्टेन्शन बंद केलं. पान परत उघडलं. वर शालीतला मामांचा फोटो, खाली सीमेवरची बातमी. फोटोकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. शेजारची खुर्ची ओढून तिच्यापुढं सरकवली.

“वाच. सावकाश वाच. मी हाय हितं.”

संयोगितानं पदरानं डोळे पुसले आणि खालच्या बातमीपासून वाचायला सुरुवात केली.