दसऱ्याच्या तेलाचा थेंब

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी बुश आहे. फिरत्या दांड्याभोवती बसणारी बोटभर लांब नळी म्हणा ना. १९६१ साली तुळजापूरच्या एका वर्कशॉपात कल्याणप्पा मास्तरांनी मला आणि माझ्या भावाला एकाच दिवशी घडवलं. ग्रॅफाइटची काळी पूड पातळ लाखेत कालवून आतून लेप दिला. अणुकिरणांच्या माऱ्यात तेल डांबरासारखं चिकट होतं. तिथं असं कोरडंच वंगण लागतं. निर्जळी एकादशी असते ना, तसं आमचं तेलाविना व्रत.

लेप किती टिकतो हे पाहायला श्रावणात मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत गेलो आणि मार्गशीर्षापर्यंत किरणांत राहिलो. (भिऊ नका, ते किरण माझ्यात साठले नाहीत.) भाऊ तुलनेसाठी इथंच फळीवर राहिला. किरणांनी माझी लाख ठिसूळ झाली. दांडा फिरवताच लेपाचे पापुद्रे गळाले.

माझ्यासोबत मुंबईचं पत्र आलं : "लेप मुळातच कच्चा दिसतो. दुसरा बुश पाठवा. किरणांविना तो टिकला, तरच लेप सुधारायचं पुढचं काम देऊ."

मास्तर हसले. भाऊ टिकणार, याची त्यांना खात्री होती. त्यांनी त्याला फळीवरून काढलं, आत बोट फिरवलं. बोट तेलकट झालं.

"बाबामियाँ, याला तेल कुणी घातलं?"

"म्या घातलं की," सगळ्यांत जुने मिस्त्री बाबामियाँ तोऱ्यात म्हणाले. "खंडेनवमीला लोखंड कोरडं ठेवत्यात व्हय? समद्या मशिनींना दिलं, ह्या गरिबालाच कशाला उपाशी ठेवू?"

"अहो, त्याचा उपासच तर मोजायचा होता!"

"मंग सांगायचं न्हाय का मास्तर? मला वाटलं, तुमी इसरलाव."

काय वैताग आला म्हणून सांगू! किरणांनी काय केलं ते माझ्या अंगावरच होतं, पण मला तोंड नव्हतं. पुरावा म्हणून ज्याच्याकडं बोट दाखवायचं, त्या भावाचं व्रत एका थेंबानं मोडलं होतं. मास्तरांनी सगळं खरं लिहून कळवलं, नवी जोडीही घडवली. मुंबईहून पुन्हा बोलावणं आलंच नाही.

मित्रांनो, कुणाला माया लावायची तर आधी त्याचं व्रत विचारा.

सहा वर्षं झाली. ती नवी जोडी माझ्याशेजारीच फळीवर आहे, कोरडीच. दर खंडेनवमीला बाबामियाँ इथवर येतात, तेलाची बुधली पाठीमागं लपवतात आणि दोघांपुढं एकेक झेंडू ठेवतात.

"ऱ्हावा बाबांनो," ते म्हणतात, "तुमचा उपास अजून सुटला न्हाय."