पप्पांची कवळी

मोझेस मास्तर रविवारी पहाटे झोपेतच गेले, आणि चहा व्हायच्या आत त्यांची कवळी मोरीत पडून तिचे दोन तुकडे झाले. पाडली मरियम आत्यानं. भावाचे दात घासता घासता तिला रडू फुटलं आणि साबणाच्या हातातून कवळी निसटली. रडणं खरं होतं, म्हणून मास्तरांची मुलगी एंजेला तिला काही बोलली नाही.

दुपारी चारला माती होती. चर्चमध्ये पेटी उघडी ठेवायची आणि झाडून सगळ्यांनी चेहरा बघायचा, ही रीत. आणि पप्पा तर कवळीशिवाय कधी दूधवाल्यालासुद्धा दिसले नव्हते.

"ताई, चिकटवू का?" आत्याचा जस्टिन म्हणाला. "चपलेचा गोंद हाय माझ्याकडं."

"तो चपलेलाच लाव."

"तोंड आखडायच्या आत जोडून आण गं बाई," आत्या म्हणाली.

एंजेला तुकडे घेऊन निघाली. सावेडीतल्या एका दवाखान्यावर 'दातांची तातडीची सेवा, सुट्टीच्या दिवशीही' असा मोठा फलक होता. आत काउंटरवर मोनिका नावाची मुलगी बसली होती.

"पेशंट कुठंय?"

"घरी."

"मग घेऊन या ना, मॅडम. तोंड बघितल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत."

"ते वारले. आज पहाटे."

मोनिकानं संगणकात बराच वेळ शोधलं. तिथं तशी सोय नसावी. शेवटी तिनं मान वर केली. "मग दुसरं कोणी येऊ शकेल का, त्यांच्याऐवजी?"

एंजेलानं तुकडे काउंटरवर ठेवले. शेजारी तातडीचे पेशंट बसले होते. एका बाईंची दाढ दिवाळीपासून ठणकत होती, पण इतर दिवशी त्यांना वेळ नसायचा. संगमनेरहून आलेल्या रविराजचा दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता आणि त्याला दात पांढरे करून हवे होते. खरं म्हणजे ते त्याच्या आईला हवे होते.

आतून डॉक्टर आले. तरुण, स्वतःचे दात अतिशय उत्तम. त्यांनी तुकडे उलटसुलट करून पाहिले. "ही इमर्जन्सी नाही, मॅडम. कवळी लॅबला जाते. लॅब उद्या उघडेल."

"उद्या ते मातीखाली असतील."

"तेच म्हणतोय मी. मग त्यांना चावायचंय कुठं?"

कोणीतरी फिसकन हसलं. रविराजच्या आईला धीर आला. "खरंच की वो. मेलेल्या माणसाला दात कशाला? आमच्या पोराचं आधी बघा, डॉक्टर. उद्या पोरीकडचे पन्नास जण तोंड बघणारेत."

"आमच्याकडे आज दोनशे बघणार आहेत," एंजेला म्हणाली. "आणि तुमच्या मुलाला निदान तोंड मिटून घेता येईल."

रविराजनं ते लगेच मिटलं. "आई, जाऊ दे त्यांना पुढं," असं तो मिटल्या तोंडानंच पुटपुटला. पण आईनं दंड धरून त्याला आत नेलं. डॉक्टर म्हणाले, यांचं झालं की जोडून देतो, तुम्हाला तशी घाई नाही. घाई म्हणजे काय हे त्या फलकाखाली बसून एंजेला शिकत राहिली. मग दाढ. मग डॉक्टरांचं जेवण. मग कवळी. ती जोडायला, सांगायला हरकत नाही, फार वेळ लागला नाही. काम चोख होतं.

"एकदा बसवून बघावी लागेल," डॉक्टर सवयीनं म्हणाले आणि गप्प झाले. त्या दिवसातली त्यांची ही एकच शहाणी गोष्ट.

ती घरी पोचली तेव्हा पप्पांना सूट घालून पेटीत ठेवलं होतं. हनुवटीखालून बांधलेली पट्टी आत्यानं सोडली. जबडा हलेना. आत्यानं अंगठा घालून जोर लावला, तशी एंजेलानं तिचं मनगट धरलं.

"बास, आत्या."

"अगं, लोकं काय म्हणतील?"

"लोकांचं मला माहीत नाही. पप्पा काय म्हणाले असते ते माहीत आहे. जस्टिन, झाकणाची ती बाजू धर."

"चेहरा न दाखवता माती? असं कुठं असतं का?"

"आजपासून असतं."

चर्चमध्ये दोनशे माणसं रांगेनं पेटीपाशी आली, पॉलिश केलेल्या लाकडाकडे पाहून पुढे सरकली. काहींना विरस लपवता येईना. एका बाईंनी झाकणावर टिचकी मारून पाहिली. एंजेला शेवटपर्यंत उशाशी उभी राहिली, एक हात झाकणावर ठेवून.