‘चालेल’ची हमी

मराठीत ‘चालेल’ या एका शब्दात वस्तूची परीक्षा आणि माणसाची शरणागती एकदमच उरकता येते. भाऊजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या यजमानांनी, सकाळी दुकानदाराला विचारले, चालेल ना? त्यांना अभिप्रेत होते, आमच्या घरच्या व्हिडिओ गेमच्या कन्सोलवर हा दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर काम करील ना. दुकानदाराने उत्तर दिले, चालेल काय, पळेल; आणि दुकानातल्या टीव्हीवर एक जुना गेम लावून तो पळवूनही दाखवला. एवढ्यावर भाऊजींचे संशोधन संपले.

पॅकिंगच्या यंत्रात सापडल्यापासून ताईचा उजवा अंगठा वळत नव्हता. या कंट्रोलरच्या पाठीला जादा बटणे होती. अंगठ्याची कामे इतर बोटांवर सोपवता आली असती. आज दुपारी तिच्या संघाचा ऑनलाइन सामना होता. संघातले चौघे तिला ‘घार’ एवढ्याच नावाने ओळखत आणि त्यांना तिने अपघाताचे कळू दिले नव्हते. कारखान्यात तिला ‘बिचारी’ म्हणत, घरात ‘जपून’. ती जिंकेल अशी अपेक्षा करणारी माणसे जगात ही चारच उरली होती. मागचे दोन सामने तिने थापा मारून चुकवले होते. आजचाही चुकला तर जागा दुसऱ्याला जाईल, असे कप्तानाने बजावले होते.

कंट्रोलर जोडला. पडद्यावरची यादी तिच्या बोटांबरोबर वरखाली सरकली. भाऊजींनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले, कारण खोक्यावरचा मजकूर आधी वाचावा असे मी सुचवले होते आणि त्यांनी मला ‘प्रस्तावना’ ही पदवी दिली होती. मग सामन्याचा गेम उघडला आणि पडद्यावर अत्यंत सभ्य भाषेत उमटले की हा कंट्रोलर केवळ जुन्या गेमसाठी आहे.

खोक्यावरही तेच होते, मुंगीच्या अक्षरात.

“तुम्ही विचारलं होतंत ना?” ताई म्हणाली.

“विचारलं होतं. चालेल म्हणाला.”

“काय चालेल?”

भाऊजी खोके फिरवून पुन्हा वाचू लागले. हेडफोनच्या बारीक आवाजातून कप्तान विचारत होता, घार आहे का, की याही वेळी पाहुणे आलेत?

ताईने जुना, मूळचा कंट्रोलर मांडीवर घेतला. डावी बाजू स्वतः धरली आणि उजवीकडची जागा नजरेने भाऊजींना दाखवली. ते खुर्ची ओढून बसले. बटणावर टेकलेला त्यांचा अंगठा घामेजला होता. सामना सुरू झाला. “उडी,” ती म्हणायची आणि ते मारायचे, पण शब्द कानातून अंगठ्यात उतरेपर्यंत ती कड्यावरून कोसळलेली असायची. तिसऱ्यांदा कोसळल्यावर कप्तानाचा आवाज कोरडा झाला. घारीऐवजी कोणी भलतेच खेळते आहे का, असे त्याने विचारले.

आणखी एक थाप सहज खपली असती.

“अर्धं मीच खेळतेय,” ताई म्हणाली. “माझा उजवा अंगठा गेलाय. उजवा हात नवऱ्याचा आहे.”

अशा बोलण्यानंतर ‘बिचारी’ हा शब्द कोणत्या क्षणी येतो, हे मला पाठ होते. मी त्याची वाट पाहू लागलो.

“मग नवऱ्याला सांग,” कप्तान म्हणाला, “उडी उशिरा मारतोय. डोंगराकडून ये, आम्ही थांबलोय.”

भाऊजींनी अंगठा पँटला पुसला आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.