सायकलचे सभासद

गव्हाळदऱ्याच्या आश्रुबाला दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर नोकरी लागली, तेव्हा गावाने पेढ्यांची आशा धरली आणि आश्रुबाला घाम फुटला. काम तसं अवघड नव्हतं. गाड्यांतून कॅन उतरवायचे, दूध ओतून घ्यायचं, रिकामे कॅन धुऊन पालथे घालायचे. पण नोकरी कच्ची होती, आणि मॅनेजरसाहेबांनी हजर व्हायची तारीख देतानाच सुनावलं होतं की दूध कुणासाठी थांबत नाही, तेव्हा सकाळी सहाला जो फाटकात उभा असेल तोच दिवाळीला कायम होईल. केंद्र मांजरसुंब्याच्या अलीकडे, गावापासून चार कोस. पहिली एसटी आठाची, आणि तीही ड्रायव्हरच्या मनात आलं तर.

साल शहाऐंशीचं. पावसाने दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती आणि निम्मं गाव रोजगार हमीवर खडी फोडत होतं. अशा साली पगाराची नोकरी हातची घालवली असती तर छबुबाईने नवऱ्याला घरात घेतलं नसतं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. तिने स्वच्छ सांगून टाकलं, पायी जा, रांगत जा, पण सहाला पोचा.

आश्रुबाने पारावर बसून सहज म्हटलं की नवी सायकल तर आपल्याला झेपायची नाही, तुकडे जमवून एखादी बनवता आली तर बघतो. एवढंच तो बोलला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दारात सायकल येऊ लागली, पण तुकड्यातुकड्याने.

सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांच्या गोदामात सीट-हँडलसकट एक सांगाडा पडून होता, तो त्यांनी गड्याच्या खांद्यावर देऊन पाठवला. राधाकिशनने लग्नात मिळालेल्या सायकलचं पुढचं चाक आणून दिलं. बाकीची सायकल कुठं गेली हे तो सांगत नसे. गहिनीनाथने मागचं चाक दिलं, साखळीसकट. गीताबाई म्हातारीचा नवरा दूध घालायचा, त्याचं जाड सळयांचं कॅरिअर तिने माळ्यावरून काढलं, पदराने पुसलं आणि म्हणाली, ने लेकरा, गंजून चाललंय. आश्रुबाचे डोळे भरून आले. एवढ्या दुष्काळात माणसांची मनं अशी ओली राहिली कशी, असं त्याला वाटलं. छबुबाईला मात्र वेगळंच वाटत होतं. या गावात फुकट कुणी नमस्कारसुद्धा घालत नाही, तर हे चाकं कावून देत्यात, असं ती दोनदा बोलली. आश्रुबाने तिला गप्प केलं.

सगळं पोत्यात भरून त्याने ते मांजरसुंब्याच्या फाट्यावर कय्युमच्या दुकानात नेलं. कय्युमभाईने पोतं उपडं केलं आणि एकेक तुकडा उचलून बघितला. पुढचं चाक सव्वीसचं, मागचं अठ्ठावीसचं. सांगाडा आणखी तिसऱ्याच सायकलचा, त्याचा पुढचं चाक धरणारा चिमटा वाकडा. त्याने विचारलं, गाडीचं काम काय? दूध न्यायचं, ऊस न्यायचा, का बायको न्यायची? आश्रुबा म्हणाला, मला वेळेवर न्यायचं, बस्स. तेव्हा कय्युमने डोकं खाजवलं आणि मग तसंच सामान लावू म्हणाला. दऱ्यातून उतरायचं, म्हणून ब्रेकचे रबर नवे, आश्रुबाने विकत आणलेले. पहाटेचा अंधार, म्हणून भंगारातला डायनॅमो. रस्ताभर सराट्याचे काटे, म्हणून ट्यूब आणि टायरच्या मध्ये जुन्या टायरची पट्टी. मडगार्ड लावूच नको म्हणाला, पाऊस कुठं हाय चिखल उडवायला. वाकडा चिमटा काढून त्याने आपल्याकडचा एक बसवला. मजुरीच्या बदल्यात आश्रुबाने दोन दिवस त्याच्या दुकानाचे उडालेले पत्रे ठोकून दिले.

सायकल झाली ती पुढून किंचित बुटकी. सपाटीवर बसलं तरी उतारावर असल्यासारखं वाटायचं, आणि चढावर आपण सपाटीला आहोत असं वाटून पाय थकायचे तेवढे थकायचेच. पण चालायला खणखणीत. पहिल्या दिवशी आश्रुबा केंद्रावर पोचला तेव्हा फाटक उघडायचं होतं. मॅनेजरसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली. त्या मानेवर आश्रुबा आठवडाभर हवेत होता.

आता गव्हाळदरा हे गाव कसं, तेही सांगायला पाहिजे. इथं सोसायटीशिवाय पान हलत नसे. कर्जाची सोसायटी होती, दुधाची होती, लग्नाच्या भांड्यांची होती. ज्या नदीला चार महिने पाणी नव्हतं तिच्यावर उपसा सिंचनाची सोसायटी होती, तिला चेअरमन होता आणि त्याला विरोधकही होते. ज्याने एक विटेचा तुकडा दिला, तो त्या भिंतीचा सभासद, असा इथला हिशेब. हा हिशेब लहानपणापासून आश्रुबाच्याही अंगात मुरलेला होता. फक्त सायकलला तो लागू होईल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

आधी राधाकिशन दुपारी आला, भिंतीला टेकवलेली सायकल काढली आणि पाण्याला घेऊन गेला. विचारलं नाही, आणि लपवलंही नाही. दिवेलागणीला आणून ठेवली, वर म्हणाला, ब्रेक जरा घासतोय, बघून घे. दुसऱ्या दिवशी सुंदररावांचा गडी तिच्यावरून गुरांच्या छावणीवर कडबा घेऊन गेला. गीताबाईने तर आपल्या भाच्यालाच पाठवलं. आश्रुबाला वाटलं, शेजारधर्म आहे, दिलेल्याने मागितलं तर नाही कसं म्हणायचं. पण मागत कुणीच नव्हतं, नुसते नेत होते. टँकर दरा चढून गावात येत नसे, खालच्या विहिरीतच पाणी ओतायचा. तिथून डोक्यावर घागरी आणता आणता बायकांच्या माना मोडल्या होत्या. आता कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना तेलाचे मोठे डबे बांधले की एका खेपेत घराचं भागायचं. रांग टाळायला लोक पहाटेच खाली जाऊ लागले, आणि एका पहाटे आश्रुबा भाकरी बांधून बाहेर आला तर भिंतीला सायकल नव्हती.

तो धावत गेला, आणि जीपला लोंबकळून सातला पोचला. मॅनेजरसाहेबांनी नुसतं घड्याळ दाखवलं. चार दिवसांनी पुन्हा तेच झालं, तेव्हा बोलले. गाव सायकल नेतं हे आश्रुबाकडून ऐकून शांतपणे म्हणाले, सायकल तुझी आहे ना? मग सांभाळ. आता तिसऱ्यांदा उशीर झाला तर आत येऊ नको, फाटकातूनच परत जा.

आश्रुबाने घरी येऊन राधाकिशनला गाठलं आणि जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला. राधाकिशनला राग आला नाही, नवल वाटलं. तो म्हणाला, "असं काय करतोस बे? सगळ्याइची गाडी हाय. माझं चाक हाय तिच्यात." तो इतक्या सरळ चेहऱ्याने बोलला की आश्रुबाला आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चाक त्याचं होतं, यात खोटं काहीच नव्हतं.

सुंदररावांनी ताबडतोब सभा बोलावली. वाद म्हटला की ते तरतरीत व्हायचे. मारुतीच्या ओट्यावर सायकल मध्ये उभी केली आणि तिच्याभोवती माणसं बसली. बायका मागे भिंतीला टेकून. सुंदररावांनी एकेक भागाला हात लावून नाव पुकारलं. सांगाडा माझा. पुढचं चाक राधाकिशन, मागचं चाक आणि साखळी गहिनीनाथ, कॅरिअर गीताबाई. चिमट्याला हात लावला तेव्हा ते अडले. तो कय्युमचा, म्हणजे बाहेरगावचा सभासद. त्याला नोटीस गेली नाही, तर सभा कायदेशीर होते की नाही यावर बराच वेळ गेला. शेवटी डायनॅमोसकट तो गैरहजर धरावा असं ठरलं.

मग सुंदररावांनी मायेने विचारलं, "आश्रुबा, तुझं काय हाय यात?"

आश्रुबा सायकलजवळ सरकला. त्याने पुढून बघितलं, मागून बघितलं. पत्रे ठोकले ते सांगून पाहिलं, तर गहिनीनाथ म्हणाला की मजुरी वेगळी आणि शेअर वेगळा, कारखान्यात ऊस तोडणारा कुठं सभासद असतो? ब्रेकचे रबर माझे, असं आश्रुबाला आठवलं, पण ते झिजून निम्मे झाले होते आणि झिजवले सगळ्यांनी होते. कुणीतरी मागून हवा तर तुझी हाय की म्हणालं. लोक हसले, आश्रुबाही हसला.

कुणी वाईट बोलत नव्हतं, हीच पंचाईत होती. गीताबाई म्हणाली, माझ्याच्यानं आता घागर उचलत न्हाई. गहिनीनाथची सून बाळंत होऊन आठ दिवस झाले होते, घरात पाण्याला तोटा नको. प्रत्येकाचं ऐकताना आश्रुबाला ते पटत होतं. मग आपलं काय, हे मांडायला उठावं तर कुठून धरावं तेच समजेना. तो उठला, माझी नोकरी, एवढं म्हणाला आणि बसला. सुंदररावांनी लगेच त्याची बाजू घेतली. म्हणाले, पोरगं गरीब आहे, त्याचीही सोय पाहिजे. तेव्हा ठराव असा की रोज पहाटे एका सभासदाने पाणी आणावं, आणि डबे उतरले की सायकल आश्रुबाच्या ताब्यात द्यावी. आधी पाणी, मग आश्रुबा.

"मंजूर?" त्यांनी विचारलं.

ओट्यावरचे सगळे हात वर गेले. गव्हाळदऱ्यात सुंदररावांनी मंजूर म्हटलं की हात वर जायचे, ती सवय बापजाद्यांपासूनची. आश्रुबाने वर बघितलं तेव्हा त्याचाही हात इतरांच्यात उभा होता. ठराव एकमताने झाला.

घरी छबुबाईने भाकरी ताटात आपटली. "तुमी कावून हात वर केला?"

"सगळ्यायनी केला," आश्रुबा म्हणाला. 

दुसऱ्या पहाटे पाळी गहिनीनाथची होती. आश्रुबा भाकरी बांधून ओट्यावर जाऊन बसला. कोंबडं आरवलं, चांदण्या फिकट व्हायला लागल्या, गहिनीनाथचा पत्ता नाही. आश्रुबा उठून रस्त्याच्या वळणापर्यंत गेला, तिथून दऱ्याच्या तोंडापर्यंत, आणि मग थांबवेना म्हणून दरा उतरायलाच लागला. चढाच्या पायथ्याशी गहिनीनाथ दिसला. दोन्ही डबे काठोकाठ, आणि बुटक्या चाकाची ती सायकल चढाला लावून तो घामाघूम उभा होता.

"बरं झालं आलास," गहिनीनाथ म्हणाला. "मागून धक्का दे बे. वर गेलं, डबे उतरले, की गाडी तुझी."

आश्रुबाने कॅरिअरला हात लावलासुद्धा. मग त्याने आभाळाकडे बघितलं. वर जायचं, डबे उतरवायचे, पुन्हा खाली यायचं, तोवर पहिल्या गाडीचे कॅन उतरून झाले असते. गहिनीनाथचं चुकत नव्हतं. ठरावाचंही चुकत नव्हतं, त्यात आपला स्वतःचा हात होता. बाळंतिणीला पाणी पाहिजे हेही खरं. सगळंच खरं असताना आपल्याला रडू कशाचं येतंय हे आश्रुबाला उमगेना. कळत होतं ते एवढंच, की चढाच्या बाजूला गाव होतं आणि उताराच्या बाजूला नोकरी.

त्याने दोरी सोडली. एक डबा अलगद उचलून दगडाच्या आडोशाला ठेवला. गहिनीनाथला वाटलं, हा ओझं सारखं करतोय, म्हणून दुसरा डबा तो स्वतःच उतरवू लागला. थेंबभर पाणी सांडलं नाही. आश्रुबाने सायकल वळवली आणि टांग मारली.

"आश्रुबा, सभेत ठरलंय," गहिनीनाथ गोंधळून म्हणाला. "तूच हात वर केलता."

"व्हय, केलता," आश्रुबा म्हणाला आणि पायडल मारलं.

वाटेत तो खूप घाबरलेला होता. दोनदा मागे वळून पाहिलं, कुणी येतंय का म्हणून. परत फिरावं असंही त्याला वाटलं, पण पाय फिरत होते ते पुढेच. केंद्राच्या फाटकापर्यंत त्याने एकदाही ब्रेक दाबला नाही.

मॅनेजरसाहेब फाटकात उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, सहाला अजून दोन-चार मिनिटं होती. धापा टाकणाऱ्या आश्रुबाला त्यांनी विचारलं, काय रे, दिली का गावाने सायकल?

"न्हाई साहेब," आश्रुबा म्हणाला. "चोरून आनली."

साहेबांना हसावं की रागवावं समजेना. "चोरून? कुणाची?"

आश्रुबाने सायकलकडे बघितलं. सांगाड्याकडे, चाकांकडे, गीताबाईच्या कॅरिअरला लोंबणाऱ्या दोरीकडे.

"माझीच असंल, साहेब," तो म्हणाला. "पन दुपारी सभा व्हईल. मंग पक्कं सांगतो."

पहिली गाडी फाटकात शिरत होती. आश्रुबाने सायकल भिंतीला टेकवली आणि तो कॅन उतरवायला गेला.