मुलींच्या रकान्यातली रेघ

मित्रांनो, जुनी गाणी लोक आवडीने ऐकतात, जुने फोटो जपून ठेवतात. जुने आकडे मात्र कुणालाच नको असतात, आणि माझ्याजवळ आकड्यांशिवाय दुसरं काही नाही. मी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या कटऑफची एक जुनी पुस्तिका आहे. कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेत, कोणत्या प्रवर्गातल्या शेवटच्या मुलाला किंवा मुलीला कितव्या रँकवर जागा मिळाली, एवढंच मला सांगता येतं. तेही मागच्या वर्षीचं. यंदा काय होणार, ते मला कधीच ठाऊक नसतं.

माझा जन्म मंचेरियालच्या बसस्टँडसमोर, सुगुणाच्या झेरॉक्सच्या दुकानात झाला. मे महिना होता. कोळशाचे ट्रक जाऊन जाऊन समोरचा रस्ता काळा पडला होता आणि त्यावर ऊन नुसतं ओतत होतं. प्रिंटरमधून माझं एकेक पान गरमागरम बाहेर पडलं. सुगुणाने ती सगळी पानं टेबलावर ठोकून सारखी केली, कडेला भोकं पाडली, त्यांतून काळी स्प्रिंग ओवली आणि वर पारदर्शक प्लास्टिक चढवलं. मग तिने मला सुतळीने काउंटरच्या खिळ्याला बांधून टाकलं, कारण आदल्या वर्षीची पुस्तिका कुणीतरी उचलून नेली होती.

एमसेटची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची, रँक लागली की दुकानात पाय ठेवायला जागा राहत नसे. खाणीतल्या कामगारांची, शिक्षकांची, भाजीवाल्यांची मुलं यायची. सोबत आई किंवा वडील, कधी अख्खं घर. प्रत्येकाचं बोट माझ्या पानांवरून आपापली रँक शोधत खाली सरकायचं. एकदा एका आईने मुलाच्या रँकला बसणारं कॉलेज सापडल्यावर मला उचलून डोळ्यांना लावलं. सुतळी आखूड असल्यामुळे बिचारीला काउंटरवर पुरतं ओणवं व्हावं लागलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत मोठं कौतुक.

सुगुणा प्रत्येकाला न कंटाळता समजावून सांगायची. आपलाच रकाना बघा, शेजारचा बघून खूश होऊ नका. एका वर्षावर जाऊ नका, तीन वर्षं बघा. आणि मनात असलेलं कॉलेज आकड्याला भिऊन सोडू नका, ते वर लिहा, खात्रीची खाली लिहा. यंत्र वरून खाली वाचत येतं आणि जे पहिलं जमेल तिथेच थांबतं.

पण मित्रांनो, एक हुरहूर मला तेव्हापासूनच लागली. जागा मिळाली की ती मुलं परत यायची नाहीत. कोण कुठे गेलं, कुणाला तिथे करमलं, कोण रडत परत आलं, काहीच कळायचं नाही. माझ्याकडे त्यांचं पहिलं धडधडणं तेवढं राहायचं.

दुपारी गर्दी ओसरली की सुगुणा जेवणाचा डबा बाजूला सारून मला उघडायची. आता समोर गिऱ्हाईक नसे, तरी तिचं बोट चालत राहायचं. साडेचार हजारांच्या आसपासचा एक आकडा ती शोधायची. हैदराबादच्या मोठमोठ्या कॉलेजांच्या पानांवर ते बोट रेंगाळायचं. तिची मुलगी वेन्नेला तेव्हा शाळेत होती. एकदा तिने विचारलं, "अम्मा, कुणासाठी शोधतेस?"

"आहे एक मुलगी," सुगुणा म्हणाली.

ती मुलगी म्हणजे ती स्वतःच होती, हे मला पुढे तिच्याच तोंडून कळलं. तिच्या वेळी रँकनुसार हैदराबादला बोलावणं यायचं आणि तिथे समोर बसून जागा निवडायची. तिची तारीख आली त्याच आठवड्यात तिच्या आईचं ऑपरेशन निघालं. धाकटी भावंडं लहान, वडील खाणीत पाळीवर. घरात स्वयंपाकाला दुसरं कुणी नव्हतं. पुढच्या वर्षी बघू, असं सगळेच म्हणाले. वाईट कुणीच वागलं नाही. पण एका वर्षाची रँक दुसऱ्या वर्षी चालत नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

दुसऱ्या मे महिन्यात नवी पुस्तिका आली आणि सुतळी तिला मिळाली. मी काउंटरखाली गेले. "मागच्या वर्षीचं दाखवा," असं कुणी म्हटलं तर मला वर काढत. तिसरं वर्ष लागेपर्यंत माझ्यावर कागदांचे गठ्ठे आले. माझी पानं पिवळी पडली, प्लास्टिकला चीर गेली. काउंटरच्या वर बोटं फिरत होती, माणसं बोलत होती, आणि मला नुसता आवाज येत होता. त्या दिवसांत मला कुणाच्याही बोटाची, अगदी मिरचीची बज्जी खाऊन आलेल्या तेलकट बोटाचीसुद्धा, फार आठवण यायची.

मग वेन्नेलाचं वर्ष आलं.

तिची रँक सतरा हजारांच्या थोडी पुढे होती. सुगुणाने त्याच संध्याकाळी तिन्ही वर्षांच्या पुस्तिका बाहेर काढल्या. मला फडक्याने पुसलं आणि नव्या दोघींच्या शेजारी मांडलं. किती दिवसांनी उजेड बघत होते मी! सुगुणाच्या मनात हैदराबादचं एक कॉलेज होतं, शाखा कॉम्प्युटर. त्यांच्या रकान्यात मुलींसाठी ते माझ्या वर्षी पंधरा हजारांना बंद झालं होतं, पुढे साडेपंधराला, मग सोळाला.

"दर वर्षी थोडं थोडं पुढे सरकतंय," सुगुणा म्हणाली. "कुणी सांगावं?"

वेन्नेलाने मला आपल्याकडे ओढलं आणि दुसरंच पान उघडलं. कोत्तागुडेम. शाखा मायनिंग. मुलांच्या रकान्यात आकडे होते आणि तिच्या रँकच्या कितीतरी पुढे जाऊन थांबले होते. मुलींच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. तिन्ही पुस्तिकांत तीच. मुलींना जमिनीखाली उतरून काम करायची परवानगी मिळाल्याला फार वर्षं झाली नव्हती, आणि त्यांच्या प्रवर्गातल्या एकाही मुलीने तिथे ती शाखा घेतली नव्हती.

सुगुणाला आधी ती थट्टाच वाटली. मग मुलीचा चेहरा बघून तिने ते पान पुन्हा वाचलं.

वेन्नेलाचे वडील सदानंदम पहिली पाळी संपवून आले. ते खाली खाणीत, छताला आधार देणाऱ्या टोळीत होते. आंघोळ करूनही त्यांच्या पापण्यांच्या कडा काळ्याच राहायच्या, काजळ घातल्यासारख्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची ओढून बसले.

"बिड्डा, पोरी," ते म्हणाले, "मी इतकी वर्षं खाली घालवली ती तुला तिथे यावं लागू नये म्हणून."

"बापू, तुम्हीच सांगता ना, छत पडायच्या आधी बोलतं म्हणून? तुम्हाला ते ऐकू येतं. ते का बोलतं, ते मला शिकायचंय."

"ज्यांना ऐकू आलं नाही, ती माणसं घरी आली नाहीत. ते नाही तुला सांगितलं मी."

"माहीत आहे मला. लक्ष्मय्यातात खाणीतून परत आलेच नाहीत, तेव्हा त्यांच्या घरी मी गेले होते की तुमच्याबरोबर. म्हणूनच तर शिकायचंय."

सदानंदम उठून बाहेर जाऊन उभे राहिले. ट्रक जात होते. ते आत आले तेव्हा सुगुणाला एवढंच म्हणाले, की तू लिहायला बसशील तेव्हा मला विचारू नकोस, माझ्याच्याने हो म्हणवणार नाही. आणि नाहीही म्हणवणार नाही.

पसंतिक्रम भरायच्या दिवशी सुगुणाने दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. मायलेकी कॉम्प्युटरसमोर बसल्या. मी सुगुणाच्या मांडीवर उघडी होते. तिने पहिल्या क्रमांकावर हैदराबाद टाकलं, दुसऱ्यावर कोत्तागुडेम.

"पहिलं कोत्तागुडेम टाक ना, अम्मा."

"अगं, हैदराबाद मिळणार नाहीच. सोळालाच बंद होतं ते. मग वर लिहायला काय हरकत आहे?"

"आणि मिळालं तर?"

सुगुणा माझी पानं उलटू लागली.

"मिळालं तर यंत्र तिथेच थांबेल," वेन्नेला म्हणाली. "तूच सगळ्यांना सांगतेस. मग मला जावं लागेल. अम्मा, खरं सांग, हे तू माझ्यासाठी लिहितेयस की त्या मुलीसाठी?"

सुगुणाचा हात माझ्या पानावर होता. इतकी वर्षं ते बोट आकड्यांवरून फिरलं होतं, आता ते एका जागी दाबून राहिलं. मग तिने वेन्नेलाला सगळं सांगितलं. आईचं ऑपरेशन, हैदराबादचं बोलावणं, बांधून ठेवलेली आणि पुन्हा सोडलेली पिशवी. वेन्नेलाला थोडंफार आधीच ठाऊक होतं. पिशवीचं मात्र ती पहिल्यांदा ऐकत होती.

"कॉम्प्युटरच घेणार होतीस?" तिने विचारलं.

"मला कॉम्प्युटर म्हणजे काय तेही माहीत नव्हतं," सुगुणा म्हणाली. "मला फक्त जायचं होतं."

मग सुगुणा खुर्चीवरून उठली आणि तिने वेन्नेलाला आपल्या जागी बसवलं. स्वतःचं स्वतः लिही म्हणाली. वेन्नेलाने पहिल्यावर कोत्तागुडेम घेतलं. दुसऱ्यावर मात्र हैदराबाद तिने आईने न सांगताच राहू दिलं. शेवटचं बटण दाबायच्या आधी तिने आईकडे पाहिलं. सुगुणा शटर वर करायला गेली होती.

कोत्तागुडेमच मिळालं. सामान बांधायला दुकानातलाच रिकामा खोका नेला. ती गेल्यानंतर कितीतरी दिवस सुगुणा कुणाला समजावता समजावता मधेच थांबायची आणि रस्त्याकडे बघायची. समोरून सुटणाऱ्या बसवर कोत्तागुडेमची पाटी दिसली की तिचा झेरॉक्सचा हिशोब चुकायचा. बतुकम्माच्या, त्या फुलांच्या सणाच्या दिवसांत वेन्नेला घरी आली. कोळशाच्या एका तुकड्यावरून बापलेक इतका वेळ हुज्जत घालत बसले, की शेवटी सुगुणाने दोघांना दुकानाबाहेर काढलं. सुट्टी संपली आणि दुकान पुन्हा रिकामं झालं.

पुढच्या मे महिन्यात नवे कटऑफ आले. नव्या पुस्तिकेची पानं अजून गरम होती, तेव्हाच सुगुणाने कोत्तागुडेमचं पान काढलं. मुलींच्या रकान्यात आता रेघ नव्हती. तिथे एकच आकडा होता, वेन्नेलाच्या रँकचा. पहिलीही तीच आणि शेवटचीही तीच. सुगुणाने त्या आकड्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मग तिने हैदराबादचं पान काढलं. ते कॉलेज वेन्नेलाच्या वर्षी साडेसतरा हजारांच्याही पुढे जाऊन बंद झालं होतं.

तिने तो आकडा बोट ठेवून पुन्हा वाचला. पहिल्या क्रमांकावर लिहिलं असतं, तर आज मुलगी हैदराबादला असती. कुणालाही ते आधी कळणं शक्य नव्हतं. माझ्यासारख्या तीन पुस्तिका समोर होत्या, आणि आमच्यापैकी एकीलाही ते सांगता आलं नव्हतं.

तिने फोन लावला. "वेन्नेला, हैदराबाद तुला मिळालं असतं गं," एवढंच म्हणाली. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. सुगुणा बराच वेळ ऐकत राहिली. मधे एकदा हसली, एकदा ओढणीने डोळे टिपले. शेवटी, जेवलीस का, असं विचारून तिने फोन ठेवला आणि समोर ताटकळलेल्या एका मुलीची रँक विचारली.

त्या दिवसापासून माझं काम संपलं. आता चार वर्षांपूर्वीचे आकडे कोण बघणार? मी दाराजवळच्या रद्दीत आहे. कोपऱ्यावरचा बज्जीवाला आला की माझी पानं सुटी होतील. कुणाची तरी गरम मिरची माझ्यात बांधली जाईल. माझी त्याला ना नाही.

फक्त मित्रांनो, तुमचीही रँक एक दिवस लागेल आणि माझ्यासारखीच एखादी पुस्तिका तुमच्या हातात येईल. तिची पानं जपून उलटा, पण तिला फार भिऊ नका. आमच्यात आधी गेलेल्यांचे ठसे असतात, तुमचा रस्ता नसतो. आधी मनाला विचारा, त्याप्रमाणे लिहा, आणि आमच्याकडे नंतर या.

आणि जागा मिळाली, की एकदा तरी त्या दुकानात परत जा. कुठे गेलात, तिथे करमतंय का, एवढं सांगून या. तिथे कुणीतरी तुमची वाट बघत असतं.